कुत्र्यामांजरांचा विमानप्रवास: तयारी कधी सुरू करावी आणि कशी

तिकिटाची तारीख ठरली की घरातली माणसे सामानाच्या यादीला लागतात आणि घरातल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. खरे तर क्रम उलटा हवा. माणसाचा प्रवास दोन दिवसांत ठरवता येतो. प्राण्याचा येत नाही, कारण त्याच्या लशींना, रक्ततपासणीला आणि क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या बंद पिंजऱ्याची, सवय व्हायला जो वेळ लागतो तो पैसे मोजून कमी करता येत नाही. शिवाय आपण कुठे आणि कशासाठी निघालो आहोत, हे त्याला समजावून सांगण्याची सोय नाही. त्याला जाणवते ते एवढेच, की ओळखीचे वास गेले, पायाखालची जमीन थरथरू लागली आणि आपली माणसे दिसेनाशी झाली. म्हणून या सगळ्या तयारीत मी एकच कसोटी लावते: प्रवासाच्या दिवशी त्याच्यासाठी नव्या अशा किती गोष्टी असतील? क्रेट, पट्टा, अंथरुणाचा वास, गाडीचा आवाज, बंद दारामागे थांबणे, यांतले जेवढे आधीच अंगवळणी पडलेले असेल तेवढी त्याची भीती कमी.

न्यावे की न न्यावे

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. कायमचे स्थलांतर असेल तर प्राण्याला सोबत नेणे हे आपले कर्तव्यच आहे. पण दहा-बारा दिवसांच्या सहलीसाठी त्याला विमानात घालण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे, शक्यतो त्याच्याच घरात ठेवणे बहुतेक वेळा त्याच्या हिताचे असते. मांजराच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण मांजर माणसाइतकेच जागेलाही जीव लावते.

काही प्राण्यांना विमानात नेण्याआधी फार गांभीर्याने विचार करावा लागतो. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांसारखे चपट्या तोंडाचे कुत्रे आणि पर्शियन मांजरे यांत सर्वांत आधी येतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर फेकतो. चपट्या तोंडाच्या जातींत नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग श्वासमार्गात येतो, त्यामुळे घाबरून धापा टाकायला लागल्यावर अंग थंड होण्याऐवजी श्वासाच्या कष्टानेच अधिक तापते आणि श्वास अधिकच अडतो. म्हणूनच अनेक विमान कंपन्या या जातींना मालकक्षातून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातून, नेत नाहीत, आणि त्यांचा हा नियम मला योग्य वाटतो. त्यातून पळवाट शोधू नये. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, फार वृद्ध, गाभण आणि अगदी लहान प्राणी यांच्याबद्दलही पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे. उडत्या विमानात हवेचा दाब साधारणपणे समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. निरोगी प्राण्याला त्याचे काही वाटत नाही, पण अशक्त हृदयाला वाटू शकते. मांजरे आपला हृदयविकार फार चांगला लपवतात, तेव्हा वयस्क मांजराची हृदयतपासणी लांबच्या प्रवासाआधी करून घेणे शहाणपणाचे.

तो बसणार कुठे

प्राणी तीन प्रकारे विमानात जातो. लहान असेल तर मालकासोबत केबिनमध्ये, समोरच्या आसनाखाली मावेल अशा बॅगेत. मोठा असेल तर त्याच विमानाच्या मालकक्षात, चेक-इन सामान म्हणून. आणि तिसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र कार्गो, जिथे मालक त्या विमानात असलाच पाहिजे असे नसते. केबिनसाठी बऱ्याच कंपन्या बॅगेसह ८ किलो वजनाची मर्यादा ठेवतात, काहींची कमी-जास्त असते, आणि एका विमानात किती प्राणी केबिनमध्ये घ्यायचे याचाही आकडा ठरलेला असतो. त्यामुळे आधी आपले तिकीट काढून मग प्राण्याची चौकशी करू नये; आधी फोन करून त्या विमानात जागा आहे का ते विचारावे आणि दोन्ही नोंदणी एकदमच करावी. नोंदणी झाल्यावर आरक्षणात केबिनसाठी ‘पीईटीसी’ आणि मालकक्षासाठी ‘एव्हीआयएच’ हा संकेत पडला आहे ना, हे विचारून घ्यावे. फोनवरच्या माणसाने तोंडी हो म्हटले आणि विमानतळावरच्या संगणकात काहीच नाही, असा प्रसंग ओढवू शकतो, आणि त्या वेळी काउंटरसमोर प्राणी घेऊन उभे राहण्यासारखी हतबलता नाही.

मालकक्षाबद्दल लोकांच्या मनात फार भीती असते. तिथे हवा नसते, प्राणी गोठतो, असे सांगितले जाते. आधुनिक प्रवासी विमानात मालकक्षालाही केबिनइतकाच दाब असतो, आणि जिवंत प्राणी ज्या कप्प्यात ठेवतात तिथे तापमान राखण्याची सोय असते. प्राणी चढवले असल्याची लेखी सूचना वैमानिकालाही दिली जाते. खरा धोका आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त असतो: उन्हात तापलेल्या धावपट्टीलगत क्रेट थांबून राहणे, जोडविमानाच्या वेळी होणारी चढउतार, आणि उशीर. हे लक्षात घेतले की विमान निवडायचे कसे ते आपोआप ठरते. थेट विमान मिळत असेल तर तेच घ्यावे, ते महाग पडले तरी. उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्रीचे, कडाक्याच्या थंडीत दुपारचे विमान निवडावे. अनेक कंपन्या ७ ते २९ अंश सेल्सियसच्या पलीकडे तापमान गेले की मालकक्षात प्राणी घेत नाहीत, आणि हे तापमान निघण्याच्या, बदलण्याच्या आणि उतरण्याच्या अशा सगळ्या ठिकाणचे धरले जाते. मधल्या विमानतळावर बदल करावाच लागला तर तिथे प्राण्यासाठी वेगळी कागदपत्रे लागतात का, हेही तेव्हाच विचारावे.

कागदपत्रे: तारखा उलट्या मोजाव्यात

देशांतर्गत प्रवासाला बहुधा अलीकडचे आरोग्य प्रमाणपत्र आणि लसीकरणाची पुस्तिका एवढे पुरते. देशाबाहेर जायचे असेल तर मात्र पोहोचण्याच्या तारखेपासून मागे मोजत वेळापत्रक कागदावर मांडावे, आणि त्यासाठी पोहोचायच्या देशाच्या सरकारी पशुआरोग्य विभागाचे नियम स्वतः वाचावेत. ओळखीच्यांचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव इथे कामाचा नाही, कारण नियम बदलतात. अमेरिकेचेच उदाहरण घ्यायचे तर १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे येणारा प्रत्येक कुत्रा किमान ६ महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो. त्याआधीच्या प्रवाशांना हे माहीत असण्याचे कारणच नाही.

सर्वांत पहिली पायरी मायक्रोचिपची आहे, लशीची नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार १५ अंकी क्रमांकाची आणि १३४.२ किलोहर्ट्झवर वाचता येणारी असावी. युरोपीय संघासह अनेक देशांत चिप बसवण्याआधी टोचलेली रेबीजची लस ग्राह्य धरत नाहीत, कारण ती लस याच प्राण्याला दिली होती याचा पुरावा त्यांच्या दृष्टीने नसतो. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचे नेमके इथेच अडले. त्यांच्या कुत्र्याला दरवर्षी वेळच्या वेळी लस दिलेली होती, पुस्तिकेत प्रत्येक शिक्का होता. पण चिप शेवटच्या लशीनंतर दोन आठवड्यांनी बसवली होती. पुस्तिकेतल्या त्या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून कोणीच पाहिल्या नव्हत्या. पुन्हा लस, पुन्हा प्रतीक्षा, पुन्हा रक्ततपासणी. माणसे ठरल्या दिवशी गेली आणि कुत्रा काही महिने आजीकडे राहिला. म्हणून चिप आणि लस एकाच दिवशी करायची असली तरी आधी चिप बसवावी, वाचकयंत्राने क्रमांक वाचून पाहावा, तो पुस्तिकेत लिहून घ्यावा आणि मगच लस टोचून घ्यावी. जुनी चिप असेल तर निघण्याआधी ती वाचली जाते का ते पाहावे. काही वेळा ती खांद्याकडून खाली सरकलेली असते आणि घाईत फक्त मान तपासणाऱ्याला सापडत नाही.

युरोपीय संघात जाण्यासाठी रेबीजची पहिली लस प्राणी किमान १२ आठवड्यांचा झाल्यावर दिलेली असावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस जावे लागतात. ज्या देशांचा समावेश संघाच्या मान्य यादीत नाही, तिथून येणाऱ्या प्राण्याची रेबीज प्रतिपिंडांची टायटर चाचणीही लागते. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच पाठवायचा, त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकके आले पाहिजे, आणि नमुना घेतल्यापासून ३ महिने उलटल्यावरच प्रवास. म्हणजे लशीच्या दिवसापासून सरळ चार महिने गेले. जपानसाठी नमुन्याच्या तारखेपासून १८० दिवस थांबावे लागते आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या अधिकाऱ्यांना कळवावे लागते. ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर विलगीकरणही असते. जपान किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार मनात आला तर त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे जावे, एवढेच मी सांगेन.

काही अटी अगदी शेवटच्या दिवसांत पूर्ण करायच्या असतात आणि त्यामुळेच त्या हुकतात. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीचे औषध पशुवैद्याने द्यावे लागते आणि त्याची वेळही नोंदवावी लागते. युरोपीय संघासाठीचे आरोग्य प्रमाणपत्र पोहोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतच दिलेले असावे लागते आणि ते सरकारी पशुवैद्याकडून येते, तेव्हा त्या दिवसांत सुट्ट्या आहेत का ते पाहून भेट आधीच ठरवावी. मालक आणि प्राणी वेगवेगळे जाणार असतील तर दोघांच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नये, नाहीतर त्याची गणना व्यापारी वाहतुकीत होऊन नियमच बदलतात. ब्रिटनमध्ये विमानाने शिरताना प्राणी कार्गो म्हणूनच आणावा लागतो, सहायक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर. आपण केबिनमध्ये मांडीशी घेऊन बसू असे तिथे गृहीत धरू नये.

सर्व कागदांवर प्राण्याचे नाव, जन्मतारीख, रंग आणि चिपचा क्रमांक अक्षरशः सारखा हवा. एका कागदावर ‘तपकिरी’ आणि दुसऱ्यावर ‘सोनेरी’ असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. चिपचे पंधरा अंक घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगून आपण ताडून पाहावेत. मूळ कागद हातातल्या पिशवीत, एक प्रत क्रेटवर चिकटवलेल्या पाकिटात, आणि एक मोबाइलमध्ये.

पोपट, ससे आणि इतर लहान प्राण्यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत. बऱ्याच कंपन्या केबिनमध्ये फक्त कुत्री आणि मांजरेच घेतात, आणि आफ्रिकन ग्रे पोपटासारखे पक्षी सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे निघणाऱ्या आणि पोहोचणाऱ्या अशा दोन्ही देशांच्या परवान्यांशिवाय ते हलवता येत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चौकशी करावी.

क्रेटचे माप

मालकक्षातून जाणाऱ्या प्राण्याच्या क्रेटबाबत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे नियम जगभर मानले जातात. प्राण्याला आत मान न वाकवता उभे राहता, सरळ बसता, वळता आणि नैसर्गिकपणे पाय पसरून झोपता आले पाहिजे, हा त्यांचा गाभा. माप घेताना कुत्र्याला भिंतीलगत सपाट जमिनीवर उभे करावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून कोपराच्या सांध्यापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंतची उंची, यांतले जे जास्त असेल ते, अशी चार मापे घ्यावीत. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. आणि उंची म्हणजे चौथे माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत ७० सेंटिमीटर, कोपर ३४ वर, खांदे २० रुंद आणि कानांपर्यंतची उंची ६२ आहे; तर क्रेट आतून किमान ८७ लांब, ४० रुंद आणि अंथरूण ३ सेंटिमीटर जाड धरल्यास ६५ उंच हवा. चपट्या तोंडाच्या प्राण्यासाठी त्याहून किमान १० टक्के मोठा घ्यावा. मापे दोनदा घ्यावीत, कारण कुत्रा एकदा तरी मान खाली घालतोच. विमान लहान असेल तर त्याच्या मालकक्षाचा दरवाजाही बुटका असतो, म्हणून क्रेटची बाहेरची मापे कंपनीला कळवून ती चालतील असे लेखी उत्तर घ्यावे.

क्रेट कडक प्लॅस्टिकचा, लाकडाचा किंवा धातूचा असावा आणि त्याला आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी चारही बाजूंनी हवेची छिद्रे असावीत. दार धातूचे असावे. वरचा आणि खालचा भाग जोडायला नुसत्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या पुरत नाहीत. सगळ्या भोकांत धातूचे नटबोल्ट बसवावेत. चाके असतील तर काढावीत. पाण्याचे आणि खाण्याचे भांडे दाराला आतून असे अडकवावे की दार न उघडता बाहेरून पाणी ओतता येईल. ‘जिवंत प्राणी’ ही सूचना आणि वरची बाजू दाखवणारे बाण बाजूंवर लावावेत. एका क्रेटमध्ये एकच प्राणी हा नियम समजावा. एकत्र राहायची सवय असलेले आणि प्रत्येकी १४ किलोपर्यंतचे दोन सारख्या आकाराचे प्राणी काही ठिकाणी चालतात, पण घरात गुण्यागोविंदाने राहणारी दोन भावंडेही घाबरली की एकमेकांना चावतात, म्हणून मी वेगळे क्रेटच सुचवेन.

केबिनची बॅग मऊ असली तरी तिचा तळ ताठ हवा, म्हणजे प्राण्याच्या वजनाने तो मध्ये खचत नाही. चेन आतून पंजाने उघडता येत नाही ना, हे मांजराला आत ठेवून घरीच पाहावे.

क्रेट हे घर व्हावे लागते

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त दिवस याला द्यावेत आणि नेमके इथेच लोक सर्वांत कमी देतात. किमान सहा आठवडे हाताशी असावेत, भित्र्या प्राण्याला तीन महिनेही लागतात. पहिल्या दिवशी क्रेट बैठकीच्या खोलीत आणून ठेवावा, दार चक्क काढून टाकावे, आणि प्राण्याला त्याकडे बोलावूही नये. आत त्याचेच न धुतलेले पांघरूण टाकावे.

माझ्या मांजरीसाठी मी हे केले तेव्हा पहिले तीन दिवस तिने क्रेटभोवती लांबून फेरी मारली आणि त्यात काय आहे हे पाहायला मान तेवढी पुढे केली. मग मी तिची वाटी क्रेटच्या तोंडाशी ठेवू लागले. दर दोन दिवसांनी चार बोटे आत. वाटी मध्यावर पोहोचली तेव्हा ती मागचे दोन पाय बाहेर ठेवून, अंग ताणून खात होती. मागचे पाय बाहेर आहेत तोवर पळून जायची वाट मोकळी आहे, असा तिचा हिशोब. त्या पायांकडे मी रोज पाहायचे. ज्या दिवशी ते दोन्ही पाय आत गेले, त्या दिवशी मी काहीच केले नाही. दाराला हातही लावला नाही. आणखी चार दिवस तसेच जाऊ दिले, आणि एका दुपारी ती आपणहून आत जाऊन झोपलेली दिसली. दार बसवले ते त्यानंतर.

पुढच्या पायऱ्याही अशाच सावकाश चढाव्यात. दार आधी खाणे संपेपर्यंतच बंद, मग त्यानंतर पाच मिनिटे, मग अर्धा तास, मग आपण दुसऱ्या खोलीत गेलेलो असताना. प्राणी ओरडला म्हणून लगेच दार उघडले तर ओरडल्यावर दार उघडते हे तो शिकतो. क्षणभर शांत झाला की उघडावे. पण तो दाराला नखे मारू लागला, लाळ गाळू लागला, धापा टाकू लागला तर ती नुसती तक्रार नसून खरी भीती आहे, आणि तिथे हट्ट न करता दोन पायऱ्या मागे यावे. क्रेट उचलून घरातून फिरवणे, तो गाडीत ठेवून इंजिन चालू करणे, गल्लीत एक फेरी, मग तासाभराचा प्रवास, असे वाढवत न्यावे. गाडीची थरथर विमानाच्या बरीच जवळची असते. गाडीने नेहमी पशुवैद्याकडेच नेले असेल तर आता काही फेऱ्या मुद्दाम अशा कराव्यात, ज्यांच्या शेवटी सुई नसून फिरायला जाणे असेल. मालकक्षात अंधार असतो, म्हणून क्रेटवर हवा खेळती राहील असे कापड टाकून रात्रीची झोप तिथेच घ्यायची सवयही शेवटच्या दोन आठवड्यांत लावावी.

कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकवावी लागते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. फक्त गवतावर शू करणारा कुत्रा विमानतळाच्या फरशीवर तासन्‌तास रोखून धरतो. शोषक पॅड गवतावर अंथरून, मग ते मातीवर, मग फरशीवर नेत, प्रत्येक वेळी एकच ठराविक शब्द उच्चारत त्याला तिथे मोकळे व्हायला शिकवावे. महिनाभरात त्याला तो शब्द कळतो, आणि प्रवासात त्याचा फार मोठा उपयोग होतो.

झोपेचे औषध देऊ नये

‘एक गोळी द्या, झोपून जाईल,’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरू शकतो, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता कमी होते, आणि क्रेट कलला तर स्वतःला सावरता येत नाही. काही औषधांनी प्राणी बाहेरून शांत दिसतो, आतून भीती तशीच असते. पशुवैद्यकीय संघटना आणि आयाटा यांचा सल्ला गुंगी न देण्याचाच आहे, आणि गुंगीतला प्राणी दिसला तर अनेक कंपन्या तो स्वीकारत नाहीत. फार अस्वस्थ प्राण्यासाठी पशुवैद्याने चिंता कमी करणारे सौम्य औषध सुचवलेच, तर त्याची चाचणी घरी, आपण समोर असताना, प्रवासाच्या काही दिवस आधी घ्यावी. पहिला डोस विमानतळावर कधीच देऊ नये.

शेवटचे दोन दिवस आणि निघण्याचा दिवस

नखे कापावीत, म्हणजे ती दाराच्या जाळीत अडकत नाहीत. खाण्याचा ब्रँड बदलू नये. क्रेटच्या तळाशी शोषक पॅडचे दोन-तीन थर घालावेत, म्हणजे वरचा भिजला तर काढून टाकता येतो, आणि त्यावर आपला आदल्या दिवशी वापरलेला सुती टीशर्ट ठेवावा. गवत किंवा पेंढा घालू नये, अनेक देश तो आत येऊ देत नाहीत. पाण्याचे भांडे आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवून त्यात बर्फ केला तर चढवताना पाणी सांडत नाही आणि पुढे ते हळूहळू वितळत राहते. प्राण्याचा आणि क्रेटचा असे दोन ताजे फोटो मोबाइलमध्ये असावेत.

प्रवासाच्या दिवशी पोटभर खाऊ घालू नये. विमानाच्या चार ते सहा तास आधी नेहमीच्या निम्मे, हलके खाणे द्यावे. पाणी मात्र शेवटपर्यंत थोडेथोडे देत राहावे. पिल्लांना आणि मधुमेही प्राण्यांना उपाशी ठेवता येत नाही, त्यांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. निघण्याआधी कुत्र्याला नेहमीपेक्षा लांब फिरवून आणावे.

सुरक्षा तपासणीत केबिनमधल्या प्राण्याला बॅगेतून बाहेर काढावे लागते. रिकामी बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि प्राण्याला आपण हातात घेऊन चौकटीतून जातो. माझी मांजर घरात इतकी शांत, पण त्या चौकटीपाशी तिची नखे शर्टातून खांद्यात रुतली होती आणि तिचे हृदय माझ्या तळहाताखाली एखाद्या यंत्रासारखे धडधडत होते; हार्नेस अंगात नसता आणि दोरीची मूठ माझ्या मनगटात अडकवलेली नसती तर ती नक्की निसटली असती. म्हणून मांजराला हार्नेसची सवय आधीपासून लावावी आणि तपासणीसाठी बंद खोली मिळेल का, असे विचारावे. बऱ्याच विमानतळांवर ती मिळते, फक्त मागावी लागते. मालकक्षात जाणाऱ्या प्राण्याच्या गळ्यातली साखळी आणि पट्टा मात्र क्रेट बंद करण्याआधी काढावा, कारण ते जाळीत अडकून फास बसू शकतो. पट्टा क्रेटच्या बाहेर घट्ट बांधून ठेवावा, म्हणजे वेळ पडल्यास तो कोणालाही सापडतो.

क्रेट सोपवताना प्रत्येक नटबोल्ट स्वतःच्या हाताने तपासावा. निरोपाचा सोहळा करू नये. आपला आवाज कापरा झाला की त्याला तो कळतो. रोज ऑफिसला जाताना जसे एखादा शब्द बोलून निघतो तसेच निघावे. विमानात बसल्यावर मात्र विमान सेविकेला नम्रपणे सांगावे की मालकक्षात माझा कुत्रा आहे, तो चढवला गेल्याची आणि कॅप्टनला त्याची कल्पना असल्याची कृपया खात्री करा. हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. केबिनमध्ये प्राणी सोबत असेल तर विमान उतरू लागल्यावर त्याला खाऊचा छोटा तुकडा द्यावा. गिळल्याने कानातला दाब मोकळा होतो. दया येऊन बॅगेची चेन मात्र उघडू नये.

उतरल्यावर

क्रेट मिळाल्यावर दार लगेच उघडू नये, कितीही वाटले तरी. गर्दीत सुटलेला घाबरलेला प्राणी ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही. बाहेरून आधी बोलावे, बोटे जाळीशी ठेवावीत, हिरड्यांचा रंग आणि श्वास पाहावा, आणि बंद जागेत पोहोचल्यावर पट्टा अडकवूनच बाहेर घ्यावे. हिरड्या फिकट किंवा निळसर दिसल्या, धाप अर्ध्या तासात ओसरली नाही किंवा प्राणी उभा राहू शकत नसेल तर थेट पशुवैद्याकडे जावे. त्याचा पत्ता आणि फोन नंबर निघण्यापूर्वीच शोधून ठेवलेला असावा. एरवी आधी पाणी, मग मोकळे होणे, आणि खाणे तास-दोन तासांनी, थोडेसे.

नव्या घरात मांजराला पहिले काही दिवस एकच खोली द्यावी: वाळूचा ट्रे, पाणी, आणि दार उघडे असलेला तोच क्रेट. एक-दोन दिवस कमी खाणे, पलंगाखाली दडून बसणे हे घडू शकते; पण मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला फोन करावा, आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसून लघवी होत नसेल तर एक तासही थांबू नये, कारण ताणामुळे बोक्यांचा मूत्रमार्ग बंद होतो आणि ते जीवावर बेतते. कुत्र्याला महिनाभर तरी पट्ट्याशिवाय सोडू नये. चिपच्या नोंदणीत नवा पत्ता आणि फोन नंबर त्याच आठवड्यात बदलून घ्यावा, नाहीतर चिप वाचणाऱ्याला जुन्या घराचा क्रमांक मिळतो.

क्रेट आवरून माळ्यावर टाकायची घाई करू नये. त्या घरात जुना वास असलेली तेवढी एकच वस्तू आहे. माझी मांजर नव्या घरात पहिले अकरा दिवस त्याच क्रेटमध्ये झोपली, आणि बाराव्या रात्री माझ्या पायाशी आली.